ध्वनिवादक, सुवाह्य अंकीय (ग्रामीण विदर्भ)

अंकीय स्वरूपात साठवलेला ध्वनी वाजवणारे, खिशात किंवा हातात बाळगता येईल असे उपकरण. शहरी बोलण्यात त्याला ‘एमपीथ्री प्लेअर’ म्हणतात. ग्रामीण विदर्भात उपकरणाला असे स्वतंत्र नाव फारसे रुळले नाही. रुळले ते त्यात घालायच्या कार्डाचे नाव, ‘चिप’. त्यामुळे चिपवाला रेडिओ, चिपवाला मोबाइल, ट्रॅक्टरवरचा चिपवाला टेप आणि वावरातला चिपवर चालणारा भोंगा ही सगळी एकाच कुळातली यंत्रे ठरतात. प्रस्तुत नोंदीत ‘वादक’ हा शब्द या सर्वांसाठी वापरला आहे. आयपॉडसारखी कार्ड न घेणारी, निव्वळ संगीतासाठी बनवलेली यंत्रे या भागात तुरळकच दिसली, म्हणून त्यांचा विचार इथे ओझरता येतो.

नाव : ‘चिप’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या सैल असला तरी चुकीचा नाही. १५ मिमी. लांब, ११ मिमी. रुंद आणि १ मिमी. जाड अशा कार्डात स्मृतीची (मेमरीची) चिप आणि तिचा कारभार पाहणारा नियंत्रक असे दोन्ही भाग असतात. स्वस्त वादकांच्या खाचेशेजारी ‘टीएफ’ ही अक्षरे छापलेली आढळतात. ती ‘ट्रान्सफ्लॅश’ या मूळ नावाची खूण होत. सॅनडिस्क कंपनीने हे कार्ड २००४ मध्ये त्या नावाने आणले आणि २००५ मध्ये स्मृतीकार्डांची मानके ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनने ते ‘मायक्रोएसडी’ म्हणून स्वीकारले. चिनी मंडलांवर (यंत्रातल्या सर्किट बोर्डांवर) जुनेच नाव टिकून राहिले; नव्या नावाबरोबर येणारा परवाना टाळण्यासाठी तसे केले गेले, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते व ते पटण्यासारखे आहे. दोन्ही नावांची कार्डे एकच असूनही ‘हे टीएफचं नाही, चालणार नाही’ असे सांगून गिऱ्हाइकाला दुसरे कार्ड विकणारा एखादा दुकानदार भेटतो.

उगम : पहिला वादक कोणता, याबद्दल एकमत नाही. मतभेद तारखांचा कमी आणि व्याख्येचा जास्त आहे. ब्रिटिश संशोधक केन क्रेमर यांनी १९७९ मध्ये फिरता भाग नसलेल्या स्मृतीवर संगीत साठवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. तिला त्यांनी आयएक्सआय असे नाव दिले; पेटंटसाठीचा अर्ज १९८१ चा आहे. त्यावर किती वेळाचा ध्वनी मावणार होता, याविषयी साडेतीन मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेगवेगळे आकडे दिले जातात. ते यंत्र विक्रीला आलेच नाही आणि नूतनीकरणाचा खर्च न झेपल्याने १९८८ मध्ये पेटंट व्यपगत झाले. पुढे १९९७ च्या अखेरीस ऑडिबल या कंपनीने ४ मेगाबाइट स्मृतीचा वादक आणला. त्यात सुमारे दोन तासांचे बोलणे मावे, पण तो संगीतासाठी नव्हता आणि एमपीथ्रीही वाजवत नसे.

दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन एफ१० हा १९९८ च्या पूर्वार्धातला. स्मृती ३२ मेगाबाइट; ती गिऱ्हाइकाला घरी वाढवता येत नसे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ पीएमपी३०० आला. तो एका पेन्सिल सेलवर चाले आणि त्यात जादा कार्डासाठी खाच होती. अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने त्याविरुद्ध दावा लावला. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने रिओच्या बाजूने निकाल दिल्याने पुढच्या सर्व वादकांची वाट मोकळी झाली. अ‍ॅपलचा आयपॉड ऑक्टोबर २००१ चा, म्हणजे या मालिकेत उशिराचाच.

प्रत्यक्ष विकला गेलेला पहिला एमपीथ्री वादक, हा निकष लावल्यास मान एमपीमॅनकडे जातो आणि बहुतेक लेखक तो तसा देतात. विदर्भातील वापर डोळ्यांसमोर ठेवला तर मात्र क्रेमर यांच्या आराखड्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. टेलिफोनच्या तारेवरून संगीत दुकानातल्या यंत्रात यावे आणि गिऱ्हाइकाने ते आपल्या स्मृतीपत्रावर भरून न्यावे, असा तो बेत होता. एस.टी. स्टँडसमोरच्या मोबाइल दुकानांत पुढे जे घडले ते याहून फार वेगळे नव्हते. पैसे मूळ कलावंतापर्यंत पोचत नव्हते, एवढाच काय तो फरक.

ग्रामीण विदर्भात कार्डावर चालणारी यंत्रे २००५ नंतर आणि २०१० च्या आगेमागे पसरली, असे मानणे सुरक्षित ठरेल. मायक्रोएसडी हे नावच २००५ चे आहे. २०१० च्या सुमारास कार्डाची खाच असलेले चिनी बनावटीचे मोबाइल व रेडिओ आठवडी बाजारातल्या ताडपत्रीवर मांडलेले दिसू लागले होते. कॅसेट काही घरांत त्यानंतरही चालू राहिली.

ध्वनीचे आकुंचन : एमपीथ्री ही पद्धत मुख्यतः जर्मनीतील एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत विकसित झाली. तिचे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि फाइलीच्या नावापुढचे ‘एमपी३’ हे शेपूट १४ जुलै १९९५ रोजी ठरले. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट जागा घेतो. नेहमीच्या एमपीथ्रीत तो १२८ किलोबिटांवर, म्हणजे अकराव्या हिश्श्यावर येतो. मोठ्या आवाजाच्या सावलीत पडलेले बारीक आवाज कानाला जाणवत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर जागा खर्च करायची नाही, हे त्यामागचे तत्त्व.

तत्त्व गाण्याला मानवते, पण खंजिरीच्या थापेपाशी अडखळते. ध्वनी ५७६ नमुन्यांच्या (क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या), म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत हाताळला जातो आणि काटकसरीमुळे उरणारा खरखराट तुकडाभर सारखा पसरतो. थाप तुकड्याच्या शेवटी पडली तर खरखराट थापेच्या आधीच ऐकू येतो. याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. तो टाळण्यासाठी अशा जागी १९२ नमुन्यांचे आखूड तुकडे वापरण्याची सोय मानकात आहे. कमी जागेत बसवलेल्या फाइलींत तीही अपुरी पडते. युरोपात या दोषाची परीक्षा कॅस्टनेट या स्पॅनिश लाकडी वाद्यावर घेतली जाई. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) परंपरेतील खंजिरी भजन त्याच कामाचे आहे. ६४ किलोबिटांवर भरलेल्या भजनात थापेच्या आधी किंचित खसखस येते आणि टाळांचा नाद पाण्यात बुडाल्यासारखा होतो. निव्वळ कीर्तनाला किंवा पोथीवाचनाला ६४ किलोबिट, एकमार्गी (मोनो), पुरेसे होते. दोन तासांचे कीर्तन त्यात सुमारे ५८ मेगाबाइटमध्ये बसते. भजनाला १२८ च्या खाली जाऊ नये.

एका चिपवरून दुसरीवर घेतले की गाणे झिजते, हा समज कॅसेटच्या अनुभवातून आलेला आहे. नुसती नक्कल केल्याने अंकीय फाइलीत काहीही उणे होत नाही. दुकानदाराने जागा वाचवायला ती फाइल पुन्हा आकुंचित केली असेल तर मात्र ती खरोखरच बिघडते, आणि ‘गाणं फाटते’ ही तक्रार रास्त असते.

निवड : वादक निवडणे म्हणजे बव्हंशी कार्ड आणि सेल निवडणे होय. जुनी व स्वस्त यंत्रे ३२ गिगाबाइटपर्यंतचीच कार्डे ओळखतात, कारण त्यापुढची कार्डे वेगळ्या मांडणीची असतात. पाच मिनिटांचे गाणे १२८ किलोबिटांवर ४.८ मेगाबाइट होते. तेव्हा ४ गिगाबाइटचे कार्डही आठशेवर गाण्यांना पुरते. बाजारातल्या काही कार्डांवर १६ किंवा ३२ छापलेले असते, नियंत्रकही तेवढीच जागा असल्याचे सांगतो, पण आत स्मृती २ किंवा ४ गिगाबाइटचीच भरते. अशा कार्डावर सुरुवातीची गाणी वाजतात. नंतरच्यांची नावे दिसतात, आवाज येत नाही, किंवा नवे भरताना जुने पुसले जाते. ओळखण्याचा खात्रीचा उपाय एकच : कार्ड काठोकाठ भरावे आणि पहिले, मधले व अगदी शेवटचे गाणे वाजवून पाहावे.

सेलच्या बाबतीत ‘बीएल-५सी’ या सपाट मोबाइल सेलवर चालणारा रेडिओ खेड्यात सोयीचा पडतो. नोकियाच्या फोनमधून रूढ झालेला हा सेल ३.७ व्होल्टचा असून तालुक्याच्या कोणत्याही मोबाइल दुकानात मिळतो व नखाने काढून बदलता येतो. मूळ सेलची धारणा १,०२० मिलिअँपिअर-तासांपर्यंत होती. नकली सेलांवर याहून मोठे आकडे छापलेले असतात, ते मनावर घेऊ नयेत. आत कायमचा डकवलेला सेल फुगला की सबंध यंत्र टाकावे लागते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि लिथियम सेल साधारणतः त्याच तापमानापर्यंत भारित करायचे असतात. पत्र्याखाली दुपारी वादक चार्जिंगला लावू नये, हा सल्ला त्यामुळे इथे विशेष लागू पडतो. वयस्कर माणसासाठी घ्यायचा असल्यास चालू-बंद करायला बोटाला जाणवणारा सरकता खटका असावा. एकच बटण कमी वेळ दाबले तर एक आणि जास्त वेळ दाबले तर दुसरे, ही रचना त्यांना जाचते.

चिप भरणे : दुकानाच्या काउंटरवर कार्डरीडर सुतळीने बांधलेला असतो. गिऱ्हाईक चुन्याच्या डबीतून कागदात गुंडाळलेले नखाएवढे कार्ड काढते आणि बजावते, “भाऊ, पह्यलचं पुसू नको, वरतून भरजो.” संगणकावर भजन, कीर्तन, भीमगीते, लग्नाची गाणी, दंडार (झाडीपट्टीतले लोकनाट्य) असे कप्पे तयार असतात. पश्चिमेकडे, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या बाजूला, भजन-कीर्तनाचा कप्पा मोठा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीच्या झाडीपट्टीत नाटकांतल्या गाण्यांना व दंडारीला मागणी. असा धंदा कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये बसत नाही. त्या कायद्यातली खाजगी वापराची सूट दुकानदाराला मिळत नाही.

‘वरतून भर’ म्हटल्याने क्रमाचा घोळ होतो. पुष्कळ स्वस्त वादक फाइली वर्णक्रमाने न वाजवता कार्डाच्या सूचीत ज्या क्रमाने नोंदल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. जे वर्णक्रम पाळतात त्यांची वेगळी अडचण : शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीचे २१ अध्याय १, २, ३ अशा आकड्यांनी नोंदवले तर पहिल्यानंतर दहावा अध्याय लागतो आणि दुसरा विसाव्याच्या तोंडाशी येतो. फाइलींना ०१, ०२ असे दोन अंकी आकडे द्यावेत आणि त्या एकेक करून, ओळीने भराव्यात. मग दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर पारायण सरळ चालते.

देवनागरी नावांची गत याहून अवघड. फाइलीच्या पोटात शीर्षक लिहिण्याची जुनी पद्धत १९९६ ची असून तीत शीर्षकाला ३० बाइट जागा आहे. रोमी लिपीची ३० अक्षरे त्यात मावतात. प्रचलित संकेतनात (अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, म्हणजे हाती येतात दहाच चिन्हे. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द त्यात नेमका बसतो. ‘ज्ञानेश्वरी’ बसत नाही. वेलांटी गळते आणि पडद्यावर ग्रंथाऐवजी ग्रंथकर्ता उमटतो. ज्या वादकांत देवनागरीचे ठसेच (फॉन्ट) नाहीत तिथे नुसते चौकोन दिसतात. दुकानदार म्हणून नावे रोमीत टाकतात.

वापर : घरी, रस्त्याने व बाजारात ऐकण्याबद्दल वेगळे सांगायला नको. शेतीशी निगडित वापर मात्र नोंदवण्यासारखा आहे. तूर, हरभऱ्याच्या जागलीला माळ्याच्या खांबाला चिपवाला रेडिओ टांगलेला असतो. झोप टाळणे आणि रानडुकरे व रोही (नीलगायी) यांना माणसाची चाहूल देणे ही दोन्ही कामे तो करतो. याचेच पुढचे रूप म्हणजे कार्ड किंवा अंगभूत स्मृती असलेला भोंगा. कुत्र्याचे भुंकणे, वाघाची डरकाळी किंवा घरधन्याच्याच हाळ्या भरून तो रात्रभर वावरात लावून ठेवतात. जनावरे काही दिवसांत सरावतात, म्हणून आवाज व जागा बदलत राहावे लागते. भोंग्याचे आणि भजनाचे कार्ड एकच ठेवण्याची काटकसर करू नये. डरकाळीमागोमाग आरती लागते आणि डुकरे निवांत चरतात.

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काही देवळांत काकडा चिपवर वाजवला जातो. भारनियमनानंतर वीज परतली की या मंडलांपैकी काही आपोआप ब्लूटूथकडे वळतात, आणि कळसाशेजारच्या भोंग्यातून पहाटे एक परकी बाई इंग्रजीतून जोडणीस तयार असल्याचे गावाला कळवते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. काकड्याची वेळ त्यातच येते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त डेटामुळे चिप भरण्याचा धंदा ओसरला. हजारो गाणी आधीच भरलेला सारेगामाचा कारवाँ २०१७ मध्ये आला, तो मुख्यतः नोकरदार घरांत. मेळघाट व गडचिरोलीच्या ज्या भागांत रेंज धड लागत नाही तिथे कार्डाचे चलन टिकून आहे.

जतन : मोबाइलवर टिपलेल्या आजीच्या ओव्या, गावातल्या भजनी मंडळाचा सप्ताह, एखाद्या दंडारीची रात्र असे बरेच ध्वनिमुद्रण अशा कार्डांवर एकुलत्या प्रतीत पडून आहे. फ्लॅश स्मृतीत माहिती विद्युतभाराच्या रूपाने राहते. न वापरता ठेवलेल्या कार्डातून तो भार वर्षानुवर्षे हळूहळू गळतो आणि उष्णतेत अधिक वेगाने गळतो. अशी कार्डे पत्र्याखालच्या फळीवर न ठेवता मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवावीत आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांची नव्या कार्डावर नक्कल करून घ्यावी. नक्कल करताना दुकानदाराला फाइली ‘लहान’ करू देऊ नयेत.