मुद्दल सुटण्याची वाट

“मुद्दल सुटले की विकून टाकू,” हे वाक्य मुंबईत दादर-पार्ल्याच्या घरांतून शेअरविषयी बोलणे निघाले की हमखास ऐकू येते. त्यात सावधपणा वाटतो खरा, परंतु माझ्या मते बचतीचे सर्वाधिक नुकसान याच विचाराने होते.

दलाल स्ट्रीटवरच्या शेअर बाजारातला गलबला केव्हाच संपला. आता संगणकावर एका बाजूला खरेदीच्या आणि दुसऱ्या बाजूला विक्रीच्या ऑर्डरी रांगेत उभ्या असतात, दोन्हींचा भाव जुळला की सौदा होतो आणि शेवटच्या सौद्याचा भाव पडद्यावर झळकतो. 23 मार्च 2020 रोजी बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स सुमारे 13 टक्के कोसळला, मध्यंतरी 45 मिनिटे व्यवहार थांबवावे लागले. त्या दिवशीही विकल्या गेलेल्या प्रत्येक शेअरला कोणीतरी घेणारा होताच, फक्त तो कमी भावालाच तयार होता. या साऱ्या देवघेवीत आपण तो शेअर कितीला घेतला होता, याला काडीचेही स्थान नसते.

मनात मात्र तोच आकडा घर करून बसतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडले की माणूस लाभ-हानी एकूण संपत्तीवरून नव्हे, तर मनाशी धरलेल्या एखाद्या बिंदूपासून मोजतो, आणि हानीचे दुःख तेवढ्याच लाभाच्या आनंदाहून बरेच जड असते. पुढे त्यांनी हे प्रमाण सुमारे दुप्पट असल्याचा अंदाज दिला. हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन या अभ्यासकांनी 1985 मध्ये याच सूत्राने गुंतवणूकदारांची एक सवय उलगडली: नफ्यातला शेअर घाईने विकायचा आणि तोट्यातला कवटाळून बसायचे, कारण विकेपर्यंत तोटा ‘कागदावरचा’ वाटतो.

हिशेब मात्र निर्दय आहे. 200 रुपयांचा शेअर 100 वर आला तर घसरण 50 टक्के, पण मुद्दल सुटण्यासाठी त्याला 100 टक्के चढावे लागते. म्हणून विचारायचे ते इतकेच, की आज हातात रोख 100 रुपये असते, तर हाच शेअर घेतला असता का?

खरेदीभावाला खरे महत्त्व आहे ते प्राप्तिकराच्या विवरणपत्रात. तेथे शेअर विकून झालेला तोटा नियमांनुसार इतर भांडवली नफ्यातून वजा करता येतो, म्हणजे तोट्यातला शेअर विकल्याने कर वाचू शकतो. तरीही अनेकजण नेमका नफ्यातलाच शेअर विकतात आणि त्यावर कर भरतात.