अँटी-डम्पिंग की सेफगार्ड? हार्ले एक खटला हरली, एक जिंकली

'जपान्यांनी अमेरिकेत बाइक डम्प केल्या, अध्यक्ष रेगननी डम्पिंग ड्यूटी लावली आणि हार्ले वाचली.' बुलेटवाल्यांच्या गप्पांत ही गोष्ट हमखास निघते. ड्यूटी लागली हे खरं, पण ती डम्पिंगची नव्हती. डम्पिंगचा खटला हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकी बाइक कंपनीने त्याआधीच लढवला होता, आणि त्यात ती हरली होती.

अँटी-डम्पिंग ड्यूटीत समोरच्यावर आरोप असतो. समजा, एक बाइक जपानमध्ये कारखान्यातून 5 लाखांना निघते आणि तीच परदेशी 4 लाखांना पाठवली जाते. हा 1 लाखाचा फरक म्हणजे डम्पिंग. पण तेवढ्यावर ड्यूटी लागत नाही. त्या स्वस्ताईमुळेच देशी कारखानदाराचं नुकसान झालं, हेही दाखवावं लागतं. दोन्ही सिद्ध झालं, तर त्या देशाच्या, बऱ्याचदा त्या त्या कंपनीच्या मालावर जास्तीत जास्त फरकाएवढी ड्यूटी बसते.

हार्ले अडली ती दुसऱ्या पायरीवर. 1977 साली, एएमएफ या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या मालकीत असताना, तिने जपानी कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. जपानी बाइक कमी भावाने विकल्या जात होत्या हे अमेरिकी सरकारला मान्य झालं. नुकसान झालं हे मात्र 1978 मध्ये इंटरनॅशनल ट्रेड कमिशनला, म्हणजे इजेची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाला, पटलं नाही. खटला तिथेच संपला.

सेफगार्ड ड्यूटीत कोणी लबाडी केली की नाही, हा प्रश्नच येत नाही. आयात एवढी वाढली आहे की देशी उद्योगाला गंभीर इजा झाली किंवा होऊ घातली आहे, एवढं दाखवायचं. माल अगदी रास्त भावाने आला असला तरी चालतं. इजेची कसोटी मात्र अँटी-डम्पिंगपेक्षा कडक असते. ड्यूटी साधारणपणे सगळ्याच देशांना लागते, मुदत ठरलेली असते आणि दर उतरत जातो, कारण ही सवलत सावरण्यापुरतीच असते.

1981 मध्ये हार्लेच्याच काही अधिकाऱ्यांनी कंपनी एएमएफकडून विकत घेतली होती. तोवर होंडा-यामाहाची आपसातली चढाओढ टिपेला पोचली होती आणि अमेरिकेतली गोदामं न विकलेल्या जपानी बाइकनी भरली होती. नव्या मालकांनी सेफगार्डचा अर्ज केला. कमिशनच्या तिघांपैकी दोघांनी इजेचा धोका मान्य केला. एप्रिल 1983 मध्ये रेगननी 700 सीसीवरच्या बाइकवर मूळच्या 4.4 टक्क्यांच्या वर आणखी 45 टक्के चढवले. पुढच्या वर्षांत ही जादा ड्यूटी 35, 20, 15 आणि शेवटी 10 टक्क्यांवर यायची होती.

या ड्यूटीनेच हार्लेला तारलं, असं मला वाटत नाही. होंडाचा ओहायोत आणि कावासाकीचा नेब्रास्कात कारखाना होता, तिथे बनलेल्या बाइकला आयात शुल्क कसलं? जपानहून येणाऱ्या बाइकचं इंजिनच छोटं केलं गेलं. होंडाच्या मॅग्ना 750 ची अमेरिकेपुरती 700 झाली, प्रत्यक्षात 698 सीसी. सुझुकीनेही जीएस 700 आणली. हार्लेला मिळाली ती सवड, आणि ती तिने दर्जा सुधारण्यात घालवली हे मात्र खरं. 1987 मध्ये मुदत संपायच्या आधीच कंपनीने स्वतःहून ड्यूटी काढायला सांगितलं. ही जाहिरातही उत्तम झाली.

आपल्याकडे दोन्ही ड्यूट्या कस्टम्स टॅरिफ कायदा, 1975 मध्ये आहेत: अँटी-डम्पिंग कलम 9ए मध्ये, सेफगार्ड 8बी मध्ये. एप्रिल 2025 मध्ये पोलादाच्या काही प्रकारांवर 200 दिवसांसाठी लागलेले 12 टक्के सेफगार्डचे होते.

भारत हार्लेवर लावायचा आणि ट्रम्प ज्यावरून चिडायचे, तो कर मात्र या दोन्हींपैकी नव्हे. ती साधी कस्टम्स ड्यूटी. तिला ना तक्रार लागते, ना चौकशी, ना इजेचा पुरावा. म्हणूनच ती पटकन बदलते: 2018 मध्ये 800 सीसीवरच्या तयार बाइकवर ती 75 वरून 50 टक्के झाली, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात 1600 सीसीपर्यंतच्या बाइकना 40 टक्के, त्यावरच्यांना 30.