गावाकडे बीपी होत नाही?

‘कोकणातली हवा शुद्ध, म्हणून तिथे बीपी-शुगर नाही, हे मुंबईचे आजार’ असा मेसेज फिरत असतो. हवेचं बरंचसं खरं, पण स्वयंपाकघरात चूल धुमसत असेल तर घरातली नव्हे. बीपीचा संबंध ताटाशी अधिक. दिवसाला मीठ 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, पुरे. पावसाळ्यात मात्र सुकट, खारा बांगडा, लोणचं एकाच जेवणात येतात. शिवाय शेतावर चालत जाणारे आजोबा वेगळे, दारात स्कूटर असलेला नातू वेगळा.

बीपी सहसा दुखत-खुपत नाही, म्हणून ‘आमच्याकडे कुणालाच नाही’ असं वाटतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून बघा: वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टरांना दाखवा. भातलावणीच्या चिखलातून होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) तर त्या मेसेजमध्ये कुठेच नसतो.