ॲड्रेनॅलीन व अनुकंपी तंत्रिका तंत्रावरील औषधे

ॲड्रेनॅलीन हे मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात तयार होणारे संप्रेरक असून औषध म्हणूनही ते वापरतात. संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या नसांच्या जाळ्याला अनुकंपी तंत्रिका तंत्र म्हणतात; ॲड्रेनॅलीनची क्रिया त्याच्यासारखीच असते. नॉरॲड्रेनॅलीन, एफेड्रीन व साल्ब्युटामॉल ही त्याच्या गोतातली. प्राझोसीन, प्रोप्रॅनोलॉल ही त्याची क्रिया अडवणारी.

शोधाच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब चढतो हे ऑलिव्हर व शेफर यांनी लंडनमध्ये 1894 च्या सुमारास दाखवले. ॲबल यांनी 1897 च्या आसपास बाल्टिमोर येथे क्रियाशील घटक वेगळा केल्याचे जाहीर केले. पण त्यांच्या हाती आले ते शुद्ध ॲड्रेनॅलीन नव्हे, तर बेंझॉइल नावाचा रासायनिक गट जोडलेले संयुग होते. शुद्ध स्फटिक 1900-01 मध्ये ताकामिने यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत मिळाले. प्रत्यक्ष काम सहायक उएनाका यांचे असल्याने श्रेय दोघांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ऑल्ड्रिच यांनीही 1901 मध्ये ते स्वतंत्रपणे मिळवले. अनुकंपी तंत्रिकेच्या (नसेच्या) टोकाशी ॲड्रेनॅलीनच सुटत असावे, असे एलियट यांनी 1904 मध्ये सुचवले होते. ते मुख्यतः नॉरॲड्रेनॅलीन असते, हे फॉन ऑयलर यांनी 1946 मध्ये सिद्ध केले.

पेशींवर ज्या ठिकाणी ही द्रव्ये जोडली जाऊन परिणाम करतात त्यांना ग्राही म्हणतात. आल्फा व बीटा ग्राही ही विभागणी आल्क्विस्ट यांची (1948). आल्फामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात; बीटा-1 मुळे हृदयाचे ठोके वाढतात, बीटा-2 मुळे श्वासनलिका सैलावतात. ॲड्रेनॅलीन मेंदूत फारसे शिरत नाही. एफेड्रीन शिरते, म्हणून झोप उडते.

विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत सर्पविषावरची लस (प्रतिविष) देताना ॲड्रेनॅलीन भरून जवळ ठेवतात. लसीची तीव्र ॲलर्जी उद्भवल्यास प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमची अर्धी कुपी, मांडीच्या स्नायूत टोचतात. उजेड व उष्णता यांनी हे औषध खराब होते. त्यामुळे कुपी तपकिरी काचेची असते. आतला द्रव गुलाबी वा तपकिरी दिसला तर ती टाकून द्यावी. वैशाखातल्या उन्हात वीज गेलेल्या आरोग्य केंद्रात हे तपासणे फार मोलाचे.

तांबड्या विंचवाच्या दंशात गरज उलटी असते. कवेलूंच्या (कौलारू) घरात, पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांच्या (कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगाखाली हात घालताना विंचू डसतो. विषामुळे तंत्रिकांमधील सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत आणि शरीरातील ॲड्रेनॅलीन-नॉरॲड्रेनॅलीन एकदम रक्तात उतरते. रोगी घामाने चिंब होतो, ओकतो, त्याचे हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो, पुढे फुप्फुसात पाणी भरते. अशा रोग्याला ॲड्रेनॅलीन दिल्यास आगीत तेल ओतल्यासारखे होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात आल्फा ग्राही अडवणारे प्राझोसीन वापरात आणले. साधारणपणे दर किलो वजनास 30 मायक्रोग्रॅम तोंडावाटे देतात व हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा देतात. उलट्या करणाऱ्या लहान मुलाच्या पायाला हात लावून पाहणे हीच येथे उत्तम तपासणी. मंत्राने विंचू उतरवण्यात गेलेला वेळ मुलांच्या बाबतीत घातक ठरू शकतो.

ॲट्रोपीन या गोतातले नव्हे. ते परानुकंपी बाजू, म्हणजे अनुकंपीच्या उलट काम करणाऱ्या नसांची क्रिया, दाबते. विंचूदंशात ते टाळावे, कारण रक्तदाब व नाडी आणखी चढते. कपाशीवर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची बाधा झाल्यास मात्र तेच प्राण वाचवते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधेचे अनेक प्रकार घडले होते. अशा बाधेत छातीतील स्राव सुकेपर्यंत ॲट्रोपीनची मात्रा वाढवत नेतात.