हरिणशिकारीची रायफल व दुर्बीण

हरिणाच्या शिकारीची जी पद्धत असेल तिला अनुरूप रायफल आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण निवडण्याची रीत. येथे हरीण म्हणजे दरवर्षी शिंगे गाळणारे सर्व्हिडी कुलातील प्राणी. काळवीट आणि चिंकारा त्यांत मोडत नाहीत. पुढील विवेचन मुख्यतः जर्मनी, ऑस्ट्रिया व स्कॉटलंड येथील लाल हरीण आणि लहानखुरे रो हरीण यांच्याविषयी आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने हरिणांच्या शिकारीवर निर्बंध आले व १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरील शिकारही थांबली. मचाण, हाका हे शब्द मात्र मराठीत टिकून आहेत आणि युरोपीय पद्धतींनाही ते चपखल लागू पडतात.

दुर्बिणीचा उगम : रायफलीवरील दुर्बिणीचे जनकत्व वादग्रस्त आहे. अमेरिकन लेखक ते न्यूयॉर्क राज्यातील यूटिकाच्या मॉर्गन जेम्स या बंदूककाराकडे देतात (सु. १८३५–४०). १८५५ च्या सुमारास त्याच राज्यातील विल्यम माल्कम याने वर्णदोष (प्रतिमेच्या कडांना रंग दिसण्याचा दोष) कमी करणारी भिंगे वापरून त्यात सुधारणा केली. या दुर्बिणी जवळजवळ नळीइतक्या लांब असत व त्यांतून दिसणारा टापू अरुंद असे. स्थिर लक्ष्यावर नेम धरायला त्या उत्तम, पण झाडीतून सरकणारे जनावर त्यांत सापडणे कठीण. जर्मन भाषिक अभ्यासक ऑस्ट्रियातील श्ट्रोन्सडॉर्फ येथील वनाधिकारी आउगुस्ट फीडलर याने सु. १८८० मध्ये केलेल्या आखूड दुर्बिणीला पहिला मान देतात. कल्पना म्हणून अमेरिकन दावा आधीचा आहे; शिकारीच्या दुर्बिणीची वंशावळ मात्र फीडलरपासून मांडणे अधिक सयुक्तिक दिसते. १९३५ मध्ये त्साइस या जर्मन भिंगनिर्मात्या कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला याने भिंगावर परावर्तन घटवणारा पातळ लेप देण्याची पद्धत शोधली. दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश त्यामुळे बराच वाढला.

मचाणावरील शिकार : जर्मन प्रदेशांत ही फार रूढ आहे. हरणे पहाटे व तिन्हीसांजेला चरायला बाहेर पडतात, म्हणून येथे रायफलीपेक्षा दुर्बिणीची निवड अधिक निर्णायक ठरते. नेम धरण्यापुरत्या उजेडाला जर्मनमध्ये ‘ब्युक्सनलिख्ट’ असा स्वतंत्र शब्दच आहे. वस्तुभिंगाच्या (लक्ष्याकडील पुढच्या भिंगाच्या) मिलिमीटरमधील व्यासाला विशालनाने (प्रतिमा किती पट मोठी दिसते त्या आकड्याने) भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८×५६ (विशालन ८ पट, वस्तुभिंग ५६ मिमी.) या रूढ दुर्बिणीत तो ७ मिमी. येतो, तरुण डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच विस्फारते. विशालन व भिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे ‘संधिप्रकाशांक’. त्यावर विक्रेते भर देतात, पण तो एकटा पुरेसा नाही. ८×५६ चा अंक सु. २१.२, तर १२×४२ चा सु. २२.४ येतो, तरी दुसरीचा झोत अवघा ३.५ मिमी. असतो आणि अंधार दाटू लागला की ती आधी निकामी ठरते. शिवाय या अंकात भिंगाचा दर्जा धरलेलाच नसतो. वयानुसार बाहुलीचे विस्फारणे कमी होते. ती ५ मिमी.वर थांबत असेल, तर ८×४० दुर्बीणही जवळपास तेवढाच उजेड देते आणि ५६ मिमी. भिंगाचे ओझे वाया जाते. मचाणावर रायफलीला टेकू मिळतो, त्यामुळे तिच्या वजनाची अडचण होत नाही.

हाक्याची शिकार : माणसे व कुत्री हरणांना सावकाश हलवतात आणि शिकारी ठरल्या जागी उभा राहतो. अंतर थोडे, वेळ काही क्षणांचा. १ ते ६ पट बदलती दुर्बीण येथे सोयीची. १ पटीला १०० मी.वरचा सु. ४० मी. रुंदीचा पट्टा दिसतो, तर ८ पटीला सु. १४ मी. स्वीडनमध्ये १९७५ च्या सुमारास आलेला विजेवरील लाल ठिपक्याचा नेमदर्शकही याच कामाचा. आखूड नळी आणि बोल्ट (काडतूस नळीत बसवून मागची बाजू बंद करणारा दांडा) न फिरवता सरळ मागे ओढायची यंत्रणा (उदा., १९९३ ची ब्लाझर आर ९३ रायफल) पसंत केली जाते. धावते हरीण जायबंदी होऊन निसटण्याचा धोका या पद्धतीत सर्वांत मोठा आहे. दुसरी गोळी झटपट झाडता येते हे रायफलीचे गुण सांगताना पुढे केले जाते. पहिली गोळी रोखून धरण्याचा संयम त्याहून मोलाचा आहे.

पायी माग काढणे : स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरउतारांवर हरीण प्रथम हातातल्या दुर्बिणीने हेरतात व वाऱ्याचा रोख सांभाळत सरपटत जवळ जातात. गोळी बहुधा पालथे पडून झाडली जाते. हलकी बोल्ट-ॲक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायची) रायफल व मध्यम विशालनाची दुर्बीण पुरते. आल्प्समध्ये मोडती (बिजागरीवर नळी खाली झुकवून भरायची), एकनळी ‘किपलाउफ’ वापरतात. नळीच्या तोंडापर्यंत लाकडी दस्ता असलेली आखूड ‘श्टुट्सन’ ही ऑस्ट्रियाची खास ओळख. १९०३ ची ६.५×५४ मिमी. मानलिखर-शोनाउअर तिचा प्रसिद्ध नमुना होय.

कायदा : जर्मन शिकार कायद्याच्या कलम १९ नुसार रो हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० मी. अंतरावर किमान १,००० जूल लागते. लाल हरणासाठी किमान ६.५ मिमी. कॅलिबर (नळीचा आतील व्यास) व त्याच अंतरावर २,००० जूल. स्कॉटलंडचा १९८५ चा आदेश नळीच्या तोंडाशी मोजतो : लाल हरणासाठी किमान वेग सेकंदाला २,४५० फूट व ऊर्जा १,७५० फूट-पौंड (सु. २,३७० जूल). त्यातील गोळीच्या किमान १०० ग्रेन (सु. ६.५ ग्रॅम) वजनाची अट पुढे शिथिल झाली. गोळी जनावरापर्यंत किती जोराने पोचते यावर त्याचे मरण अवलंबून असल्याने जर्मन मोजणी अधिक समंजस वाटते. १९५५ चे ०.२४३ विंचेस्टर काडतूस (गोळी सु. ६.२ मिमी.) स्कॉटलंडमध्ये लाल हरणावर चालते, जर्मनीत मात्र रो हरणापुरतेच.