एकाही मुलाला गुण न देणारी परीक्षा

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतून बातमी आली: आठवीच्या मुलांचा गणितातला सरासरी गुणांक २८२ वरून २७४ वर घसरला. मोजपट्टी ० ते ५०० ची. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या त्याचे हे परिणाम, अशी चर्चा बरीच झाली. ती वाचणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं ते आपल्या शाळेतल्या परीक्षेचं. मुलांनी पेपर लिहिला, प्रत्येकाला गुण मिळाले, मग सरासरी काढली. इथे तसं होतच नाही. 'नॅशनल असेसमेंट ऑफ एज्युकेशनल प्रोग्रेस' हे सर्वेक्षण १९६९ पासून चालू आहे आणि त्यात एकाही मुलाला गुण दिले जात नाहीत. तरीही देशाचा आकडा भरवशाने सांगता येतो. तो ज्यांच्यामुळे सांगता येतो ते संख्याशास्त्रज्ञ, संशोधक आणि उन्हाळ्यात इंटर्नशिपला येणारे पीएचडीचे विद्यार्थी यांच्याविषयी मला फार आदर आहे.

आठवीचं सगळं गणित तपासायचं तर प्रश्न भरपूर लागतात, आणि एकाच मुलाला ते सगळे सोडवायला लावता येत नाहीत. म्हणून प्रश्नांचे गट पाडतात. एका मुलाच्या वाट्याला दोन गट येतात, शेजारच्या मुलीकडे दुसरेच दोन. त्यामुळे देशाबद्दल खूप कळतं, पण एकेका मुलाबद्दल फार थोडं.

आता खरी गंमत. समजा, एका मुलाने पंधरापैकी नऊ प्रश्न बरोबर सोडवले. त्याची क्षमता किती? नेमकी सांगता येणार नाही. फार तर म्हणता येईल की ती २६० ते ३०० च्या दरम्यान असावी, आणि मधोमध असण्याची शक्यता जास्त. मग मधला २८० च धरावा असं कुणालाही वाटेल. त्या एका मुलापुरता तो सर्वांत चांगला अंदाज आहेही. पण हजारो मुलांचे असेच अंदाज गोळा केले की घोटाळा होतो. पुरावा तोकडा असला की अंदाज सरासरीकडे ओढला जातो. फार हुशार मूल थोडं खाली येतं, फार कच्चं मूल थोडं वर जातं. सरासरी बरोबर येते, पण मुलामुलांमधला फरक आक्रसतो. चाचणीची विश्वसनीयता (म्हणजे तिच्या निकालावर किती भरवसा ठेवता येतो ते, ० ते १ मध्ये) ०.६४ धरली, तर अंदाजांचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलं सरासरीपासून किती पसरलेली आहेत याचं माप, खऱ्या विचलनाच्या ०.८ पटच उरतं. सरासरीच्या एक प्रमाण विचलन किंवा त्याहूनही खाली प्रत्यक्षात शंभरातली १६ मुलं असतात; अंदाजांच्या यादीत ती जेमतेम ११ दिसतात. ज्यांना मदतीची सगळ्यांत जास्त गरज आहे अशी पाच मुलं केवळ हिशेबाच्या पद्धतीमुळे नाहीशी झाली!

यावरचा उपाय १९८० च्या दशकात रॉबर्ट मिसलेव्ही यांनी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत विकसित केला. त्याचा पाया संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी हरवलेली माहिती भरून काढण्यासाठी घातलेला होता. मुलाची क्षमता ही हरवलेली नोंद आहे असं समजायचं आणि मधला आकडा न घेता, शक्यतांच्या त्या पट्ट्यातून चिठ्ठी काढावी तसा एक आकडा उचलायचा. असे पूर्वी पाच उचलत, आता वीस उचलतात. त्यांना संभाव्य मूल्यं म्हणू. मुद्दाम आणलेल्या या यादृच्छिकतेमुळे आक्रसलेला फरक पुन्हा पूर्ववत होतो. मग सगळं विश्लेषण वीस वेळा करायचं आणि वीस उत्तरांची सरासरी घ्यायची. एकूण प्रसरण (उत्तर किती इकडेतिकडे होऊ शकतं याचं माप) म्हणजे नमुना निवडीमुळे येणारं प्रसरण (ते कुठल्या मुलाला किती वजन द्यायचं याचे ६२ वेगवेगळे संच वापरून, पुन्हा पुन्हा गणित करून काढतात) अधिक त्या वीस उत्तरांमधल्या प्रसरणाची १ + १/२० पट. आपल्याला किती माहीत नाही, तेही असं मोजून सांगितलं जातं.

आपल्याकडे बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारे अहवाल पालकांना विकले जातात. त्यात अंदाज किती चुकू शकतो याचा उल्लेख कधी पाहिलाय? शास्त्रीय आधार नसलेल्या त्या चाचण्यांवर पैसे घालवू नका.

अमेरिकेतलं ते सर्वेक्षण करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांचा कस लागला तो १९८६ मध्ये. नऊ आणि सतरा वर्षांच्या मुलांचे वाचनाचे गुणांक दोनच वर्षांत न पटण्याइतके घसरले. 'शिक्षण कोसळलं' असं जाहीर करणं सोपं होतं. त्यांनी ते आकडे तुलनेतून बाजूला ठेवले. १९८८ मध्ये जुन्या आणि नव्या, दोन्ही धर्तीच्या पुस्तिका मुलांना देऊन पाहिल्या. त्यांच्यातल्या अल्बर्ट बीटन आणि रिबेका झ्विक या संशोधकांनी दाखवून दिलं, की घसरणीचा मोठा भाग पुस्तिकांची मांडणी, प्रश्नांची जागा आणि वेळ बदलल्यामुळे आला होता. बदल मोजायचा असेल तर मोजमाप बदलू नका, हा त्यांचा निष्कर्ष या क्षेत्रात आजही सांगितला जातो.

हे सर्वेक्षण चालवणाऱ्या अमेरिकी सरकारी केंद्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना मार्च २०२५ मध्ये कामावरून कमी करण्यात आलं. असं कौशल्य असलेली माणसं घडायला अनेक वर्षं लागतात, म्हणून ही बातमी मला गुणांकाच्या घसरणीपेक्षा गंभीर वाटते.

आपल्याकडे संख्याशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांना हे काम घरबसल्या करून पाहता येईल. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीची माहिती इंटरनेटवर मोफत मिळते आणि 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेत तिच्यासाठी तयार पॅकेजेसही आहेत. २०१५ नंतरच्या फाइलींमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यापुढे गणिताचे दहा रकाने, म्हणजे दहा संभाव्य मूल्यं, दिसतील. त्यांची आडवी सरासरी काढायचा मोह होईल. ती काढलीत, की वर सांगितलेली कच्ची मुलं पुन्हा यादीतून निघून जातील. प्रत्येक रकान्याचं गणित वेगळं करा आणि उत्तरं शेवटी एकत्र आणा.