नॅनो : टर्मिनलमधील मजकूर संपादक आणि त्याचे सुरुवातीचे पर्याय

नॅनो हा लिनक्स आणि युनिक्स या संगणक-प्रणालींच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करून काम करण्याच्या खिडकीत, चालणारा साधा टेक्स्ट एडिटर आहे. आदेशाच्या ओळीवर 'नॅनो', पुढे फाइलचे नाव, मग एंटर, एवढ्यावर फाइल समोर येते आणि लगेच टाइप करता येते. एडिटरचे नाव आणि फाइलचे नाव यांच्यामध्ये जे लिहिता येते ते सुरुवातीचे पर्याय. ओळींचे क्रमांक दिसावेत का, जुनी प्रत जपावी का, फाइल फक्त वाचायची आहे का, हे सगळे फाइलला हात लागण्याआधीच त्यांनी ठरते. या नोंदीत पर्यायांची रोमन अक्षरे देवनागरी उच्चाराने दिली आहेत. कळफलकावर मात्र रोमन अक्षरेच दाबायची, 'वजा' म्हणजे अक्षराआधीची आडवी रेघ आणि 'अधिक' म्हणजे बेरजेची खूण. लहान आणि मोठ्या अक्षराचा अर्थ वेगळा होतो, म्हणून तो भेद प्रत्येक ठिकाणी नोंदवला आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या ई-मेल प्रोग्रामबरोबर पिको नावाचा एडिटर येत असे. त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीला उतरत नव्हता, त्यामुळे डेबियनसारख्या वितरणांची, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांची, अडचण होत होती. क्रिस अलेग्रेटा यांनी १९९९ मध्ये पिकोसारखाच दिसणारा मुक्त एडिटर लिहिला. त्याचे पहिले नाव 'टिप' होते. त्या नावाचा प्रोग्राम युनिक्समध्ये आधीपासून असल्याने जानेवारी २००० मध्ये 'नॅनो' हे नाव आले आणि २००१ मध्ये तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात दाखल झाला.

सांगलीत विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून चालू आहे, आणि तिथे विद्यार्थ्यांचा लिनक्स यूझर्स ग्रुपही आहे. जत, तासगाव, कवठेमहांकाळकडून मराठी शाळेत शिकून आलेल्या मुलामुलींच्या हाती पहिला एडिटर कोणता द्यावा, हा प्रश्न अशा कोणत्याही कॉलेजात येतोच. प्रस्तुत लेखकाचे मत नॅनोच्या बाजूने आहे. व्हीआय या दुसऱ्या एडिटरमध्ये लिहायची अवस्था वेगळी आणि आदेशाची वेगळी, त्यामुळे नवखा विद्यार्थी पहिल्याच मिनिटाला अडकतो, बाहेर कसे पडायचे तेही कळत नाही. नॅनोच्या पडद्यावर तळाच्या दोन ओळींत मुख्य आदेश सतत दिसतात. त्यातली टोपीसारखी खूण म्हणजे कंट्रोल, आणि एम अक्षर व पुढे आडवी रेघ म्हणजे ऑल्ट. एवढे सांगितले की कंट्रोल-ओने जतन, कंट्रोल-एक्सने बाहेर, कंट्रोल-डब्ल्यूने शोध, कंट्रोल-केने ओळ कापणे, कंट्रोल-यूने चिकटवणे हे पाठ करावे लागत नाही. ऑल्ट-यूने चूक मागे घेता येते.

पर्यायांचे महत्त्व प्रत्यक्ष कामात कळते. सांगलीत पावसाळ्यात घरोघरी एकच विचारणा असते, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती झाली? तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. समजा, पातळी या आकड्यांवर गेली की मोबाइलवर संदेश पाठवणारा पायथन भाषेतला छोटा प्रोग्राम एका विद्यार्थिनीने लिहिला, आणि तो दूरच्या सर्व्हरवर ठेवला. पायथनने सत्ताविसाव्या ओळीत चूक असल्याचे सांगितले, तर तिने फाइलच्या नावाआधी 'अधिक २७' लिहावे. कर्सर थेट त्या ओळीवर उभा राहतो. स्वल्पविराम देऊन पुढे स्तंभाचा आकडाही देता येतो. वजा-एल (लहान) दिल्यास डाव्या कडेला ओळींचे क्रमांक दिसतात. पायथनमध्ये समासाला, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला, अर्थ असतो, म्हणून वजा-ई (मोठा) आणि वजा-टी (मोठा) ४ हे एकत्र द्यावेत. मग टॅबची कळ दाबली तरी फाइलीत चार रिकाम्या जागाच जातात. टी न दिल्यास टॅब आठ जागांचा धरला जातो. वजा-आय (लहान) नव्या ओळीला आधीच्या ओळीइतकाच समास देतो. मेक या प्रोग्रामच्या सूचनांच्या फाइलीत, म्हणजे मेकफाइलमध्ये, मात्र खरा टॅबच लागतो, तिथे ई वापरला तर मेक चालणार नाही.

सगळ्यांत मोलाचा पर्याय वजा-बी (मोठा). तो दिला असेल तर जतन करताना फाइलची आधीची आवृत्ती त्याच नावापुढे नागमोडी चिन्ह लावून शेजारी ठेवली जाते. ४५ च्या जागी चुकून ५४ पडले आणि जतनही झाले, तरी कालचा आकडा शाबूत असतो. ही प्रत एकच असते. पुन्हा जतन केले की तिच्यावर नवी प्रत बसते. प्रत्येक वेळची प्रत हवी असेल तर सोबत वजा-सी (मोठा) आणि एका डिरेक्टरीचे (फोल्डरचे) नाव द्यावे, तिथे क्रमांक घालून प्रती साठत जातात. चालू सर्व्हरवरची सेटिंगची फाइल बीशिवाय उघडू नये, इतक्या ठामपणे हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. नुसते पाहायचे असेल तर वजा-व्ही (लहान) पुरे, त्यात बदल करताच येत नाही.

वजा-डब्ल्यू (लहान) हा पर्याय जुन्या पुस्तिकांत जागोजागी दिसतो, त्याला कारण आहे. २०१९ च्या ४.० आवृत्तीपर्यंत नॅनो लांब ओळी आपोआप तोडत असे. सेटिंगच्या फाइलीत मधेच ओळ तुटली तर सेवा सुरू होत नाही, आणि चूक डोळ्याला दिसतही नाही. आता तोडणे मुळातच बंद असते. हवे असल्यास वजा-बी (लहान) द्यावा लागतो. तरी जुना सर्व्हर असेल तर आधी वजा-व्ही (मोठा) देऊन आवृत्ती पाहावी. न तोडता लांब ओळ पडद्यावर दुमडून पाहण्यासाठी वजा-एस (मोठा) आहे.

वीज गेली, राउटर बंद पडला आणि सर्व्हरशी जोडणी तुटली, तर काम बुडालेच असे नाही. टर्मिनल बंद पडल्याचा संकेत मिळाला की नॅनो न जतन केलेला मजकूर फाइलच्या नावापुढे 'डॉट सेव्ह' जोडून लिहून ठेवतो. पुन्हा जोडल्यावर आधी ती फाइल शोधावी. एकाच फाइलीवर दोघे काम करत असतील तर दोघांनीही वजा-जी (मोठा) देऊन उघडावी, म्हणजे दुसऱ्याला आधीच इशारा मिळतो.

दर वेळी हे सगळे टाइप करायचे नसेल तर होम डिरेक्टरीत 'डॉट नॅनोआरसी' ही फाइल करावी. तिच्यात एका ओळीत 'सेट' आणि पुढे पर्यायाचे लांब नाव, जसे 'सेट लाइननंबर्स'. आधी संपूर्ण यंत्रासाठीची फाइल वाचली जाते, मग वापरकर्त्याची, आणि आदेशाच्या ओळीवर दिलेला पर्याय सगळ्यांवर मात करतो. या फाइलींकडे दुर्लक्ष करायचे असेल तर वजा-आय (मोठा). वजा-एक्स (लहान) तळाच्या दोन ओळी लपवतो. मोबाइलवरच्या टर्मक्ससारख्या टर्मिनल-अ‍ॅपच्या छोट्या पडद्यावर जागा मिळते म्हणून तो ठीक, शिकणाऱ्याने एरवी वापरू नये. २०२४ च्या ८.० आवृत्तीत वजा-तिरकी रेघ हा पर्याय आला. त्याने कॉपी, पेस्ट, अन्डू या कळा इतर प्रोग्रामसारख्या होतात. पण जुन्या सर्व्हरवर त्या तशा मिळत नाहीत, म्हणून मूळच्याच कळा शिकलेल्या बऱ्या.

देवनागरी मजकुरासाठी यंत्राची भाषा-मांडणी यूटीएफ-८ या अक्षर-संकेतपद्धतीवर असावी लागते. तसे असूनही पुष्कळ टर्मिनलमध्ये जोडाक्षरे सुटी होतात, वेलांटी भलतीकडे दिसते आणि कर्सर एखादे घर पुढेमागे उभा राहतो. हा दोष दाखवण्यातला आहे, फाइलीत अक्षरे बरोबरच लिहिली जातात. कंट्रोलच्या कळा दाबताना इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावरून इंग्रजी कळफलकावर यावे, हे सोयीचे पडते.

उबुंटू या वितरणात क्रॉनटॅब, म्हणजे ठरावीक वेळी चालवायच्या कामांची यादी, संपादित करायला गेले की बहुधा नॅनोच उघडतो, आणि फेडोरा या वितरणानेही २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून त्यालाच मूळ एडिटर केले. कोणता एडिटर उघडायचा हे इतर प्रोग्राम 'एडिटर' या पर्यावरण-चलात, म्हणजे यंत्राच्या एका सेटिंगमध्ये, पाहतात. त्यात नुसते नाव न लिहिता आवडीचे पर्यायही लिहून ठेवता येतात. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्राममध्ये कमिटचा (नोंदीचा) संदेश लिहिताना किंवा पाणीपातळीचा प्रोग्राम दर तासाला चालावा म्हणून क्रॉनची ओळ घालताना नॅनो त्याच पर्यायांसह उघडतो.